हॉल सोडून पी.जी.त जाऊ का?

ताई,

मी मिरजेची. तमिळनाडूतल्या एका ख्रिश्चन कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्याच हॉलमध्ये राहते. (इथे हॉस्टेल म्हणत नाहीत, हॉलच म्हणतात.) दर बुधवारी रात्री जेवणानंतर हॉलची प्रार्थना असते. सक्ती आहे असं कुणी म्हणत नाही, पण सगळ्या जातात आणि वॉर्डन मॅडम दारातच उभ्या असतात. मीही जाऊन मागे उभी राहते आणि आपण खोटं वागतोय असं वाटत राहतं. डिसेंबरात मुलींबरोबर कॅरल गायला गेले. कुणीतरी फोटो स्टेटसला टाकला, तो काकांपर्यंत पोचला. तेव्हापासून घरून रोज फोन. आई रडते, काका म्हणतात पोरीला परत आणा.

रूममेट मिझोरामची. चांगली आहे, पण पहाटे पाचला उठून हळू आवाजात गात बसते. तिच्या पुस्तकात शब्दांवर इंग्रजी डी, आर, एम अशी अक्षरं आणि मधे टिंबं असतात. दिवसभरात आमची दहा वाक्यंही होत नाहीत. मेसमध्ये तमिळ मुली एका टेबलावर, मल्याळी दुसऱ्या, ईशान्येकडच्या तिसऱ्या. मी कुठेही बसले तरी पाहुणीच. मेस कमिटीत ये म्हणतात, पण मी टाळतेय. गेल्या वर्षी आम्ही सीनियर अक्कांची रेकॉर्ड बुकं (म्हणजे आपल्याकडची प्रॅक्टिकलची जर्नल्स) लिहिली. आता त्या म्हणतात, ‘तुमची तुम्ही ज्युनियर्सकडून लिहून घ्या, इथली पद्धतच आहे.’ बाहेर एक पी.जी. आहे, तिथे दोन मराठी मुली राहतात. महिनाअखेर ॲडव्हान्स द्यायचाय. जाऊ का?

– एक मिरजकर

ता. क. राहायचंच झालं तर पुढच्या भाद्रपदात खोलीत दीड दिवसाचा गणपती बसवला तर चालेल का?

---

प्रिय मिरजकर,

ॲडव्हान्स देऊ नकोस. निदान या महिन्यात तरी नको.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पी.जी.त गेल्याने नक्की काय सुटेल, याचा हिशेब मांडून पाहिला. काकांचा फोन चार दिवस थांबेल, हे खरं. बाकी काय? तिथेही रूममेट असेलच, ती पहाटे गाणार नाही, पण रात्री दोनपर्यंत मोबाइल बघेल. मराठी मुली मिळतील, आणि तमिळनाडूत तीन वर्षं काढून ‘तण्णी’ (पाणी) आणि ‘सापाड’ (जेवण) या दोन शब्दांवर तू घरी येशील. मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. घरच्यांच्या फोनला कंटाळून खोली बदलणाऱ्या मुली मी पाहिल्यात. फोन नव्या खोलीतही येतो.

आधी प्रार्थनेचं बघू, कारण तुझ्या मनात खरं तेच डाचतंय.

राज्यघटनेचं कलम २८(३) बघ. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही, स्वतःची संमती नसताना, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची, पण तू सज्ञान आहेस, म्हणजे तुझी. या कलमात संस्थेच्या जोडीच्या जागाही धरल्या आहेत, त्यामुळे ‘हे वर्गात नाही, हॉलमध्ये आहे’ ही पळवाट नाही. आणि दुसरी बाजूही सांगते. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्यांनी आपल्या हॉलमध्ये प्रार्थना ठेवली तर त्यात गैर काही नाही. तिथे जाऊन ‘प्रार्थना का ठेवता?’ असा वाद घालायचा नाही. तुझा प्रश्न तेवढाच आहे, की मी यायचं की नाही.

मग मॅडमना विचार. दारात नको, सगळ्यांसमोर नको. शनिवारी सकाळी त्यांच्या खोलीवर जा आणि सरळ सांग, ‘मॅडम, मी हिंदू घरातली. प्रार्थनेला नुसती उभी राहते, ते मलाच बरं वाटत नाही. मी त्या वेळी खोलीत थांबले तर चालेल का? हॉल मीटिंगला मात्र येईन.’ हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. अशा हॉलमध्ये बहुतेक ठिकाणी प्रार्थना संपली की लगेच सूचना सुरू होतात. उद्या पाणी किती वाजता येणार, गेटची वेळ बदलली का, हॉल डेला, म्हणजे हॉलच्या वार्षिक कार्यक्रमाला, कोण काय करणार, सगळं तिथेच. प्रार्थना चुकवणारी मुलगी नकळत सूचनाही चुकवते आणि महिन्याभरात ‘ही आपल्यात नसते’ असा शिक्का बसतो. अर्ध्यापेक्षा जास्त एकटेपणा असा, पाण्याची वेळ न कळल्यामुळे येतो! तेव्हा प्रार्थना संपायच्या सुमाराला खाली उतर.

माझा अंदाज विचारशील तर मॅडम ‘ओके मा’ म्हणतील आणि विषय संपेल. दारात उभं राहण्याचं कारण बऱ्याचदा कोण आजारी आहे, कोण घरी गेलंय हे बघणं असतं. मी स्वतः रात्री जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायची. मुलींना वाटायचं पहारा आहे, आणि माझं लक्ष असायचं कुणाचा चेहरा उतरलाय तिकडे. पण अंदाज चुकला आणि मॅडम अडून बसल्या, तर कलमाचा आकडा तेव्हा काढ, आधी नाही. आणि तेव्हा तो प्राचार्यांना लेखी पत्रात काढ.

हे सगळं झाल्यावर एखाद्या बुधवारी तुला स्वतःहून जाऊन बसावंसं वाटलं, तर खुशाल बस. गाणं ऐकायला बसलं म्हणून कुणाचा धर्म बदलत नाही. कॅरलचंही तेच. डिसेंबरातल्या थंडीत (चेन्नईकडची थंडी म्हणजे आपला पंखा एकावर, ते असो) स्टाफ क्वार्टर्समधून गात फिरायचं, प्रत्येक घरी केकचा तुकडा खायचा, यात तू काही चुकीचं केलेलं नाहीस.

आता आई. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नकोस, तिला आपल्याकडे इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा आणि निराधार मुलींचं राहतं घर आणि शाळा. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, पण हिंदू मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत स्वतःच्या लेकीबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसायला लागल्या. बातमी बाहेर गेली, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलवत नाही, पण आपल्या घरात दार लावूनही बसणार नाही. पुढे त्यांच्याकडच्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरं. म्हणजे पालकांची धास्ती अगदीच हवेतली नव्हती.

पण मला त्या प्रकरणात कायम एक गोष्ट खटकते. भांडले ते मंडळ, पालक आणि वर्तमानपत्रं. ज्या मुली त्या दाराशी जाऊन बसल्या त्यांना तिथे काय वाटत होतं, हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. ज्या नेल्या गेल्या त्यांची शाळा मात्र सुटली. तुझ्याही बाबतीत काका बोलतात, आई रडतात, स्टेटसवरचा फोटो बोलतो. तू काय म्हणतेस हे त्यांना तूच सांगायला हवं, आणि फोनवर वाद घालून ते होणार नाही. मॅडमशी बोलणं झालं की आईंना सांग, ‘मी प्रार्थनेला जात नाही असं वॉर्डनना स्वतः सांगून आले.’ एवढ्या एका वाक्याने त्यांचं निम्मं रडू थांबेल, कारण पोर स्वतःचं बघते हे त्यांना कळेल. मग त्यांना चार दिवस तिकडे बोलव. हॉलला गेस्ट रूम असेल तर तिथेच उतरव आणि तुमच्याच मेसमध्ये जेवू घाल.

काकांना मी काही सांगणार नाही. पण मिरजेत राहून मिशन हॉस्पिटलची पायरी चढली नाही असं घर शोधावं लागेल. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये ते दवाखान्याचं काम उभं केल्यापासून तुमच्या गावाने ख्रिस्ती संस्थेशी शेजार ठेवलाय, आणि गाव अजून गावच आहे. हे तू बोलून दाखवू नकोस, आईंना आपणहून आठवेल.

शेजार म्हणाले ते मुद्दाम. तुझ्या पत्रात ‘पाहुणी’ वाचलं तेव्हा वाटलं, की हॉलमध्ये मैत्रिणी मिळतील अशी तुझी समजूत आहे आणि त्या मिळत नाहीत म्हणून तू हिरमुसलीयेस. हॉल त्यासाठी नसतो गं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचं उदाहरण घे (तुझ्या कॉलेजचं नाव छापू नका म्हणालीस, नाही छापत). १८३७ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी सुरू केलेली ती शाळा पुढे कॉलेज झाली, आणि शंभर वर्षांनी, १९३७ मध्ये, जॉर्ज टाऊनची गर्दी सोडून तांबरमच्या झुडपी रानात गेली. साडेतीनशे एकरांहून मोठी जागा. तिथे सेलैयूर हॉल, सेंट थॉमस हॉल, बिशप हेबर हॉल असे वेगवेगळे हॉल. मुलींसाठी मार्टिन, मार्गारेट, बार्न्स. एकच मोठी इमारत बांधून सगळे विद्यार्थी कोंबणं सोपं होतं. पण हॉल वेगळे, त्यांचे वॉर्डन वेगळे, अभिमान वेगळे. तिथली जुनी माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘कुठला विषय?’ नसतो, ‘कुठला हॉल?’ असतो. यामागची कल्पना अशी, की ज्यांना तू निवडलं नसतंस अशा माणसांबरोबर एका छपराखाली निभवायला शिकायचं. निवडून केलेली ती मैत्री, न निवडता वाट्याला आलेला तो शेजार. शेजारणीवर प्रेम करावं लागत नाही. ती तापाने फणफणली तर मेसमधून तिची पेज आणावी लागते, तिची परीक्षा असेल तर दार हळू लावावं लागतं. एवढं दोन्हीकडून होत राहिलं तर मैत्री कधीतरी होते. नाहीच झाली तरी काही बिघडत नाही.

टेबलांचं सांगतेस, तर त्या मुली तुला टाळत नाहीत. दिवसभर इंग्रजीत लेक्चर ऐकून डोकं दुखलं की माणूस जेवताना आपल्या भाषेत बोलतो. तूही दोन मराठी मुली दिसल्या तर हेच करशील, पी.जी.चा मोह तुला त्यामुळेच पडलाय. आठवड्यातून दोन दिवस ठरवून तमिळ टेबलावर बस आणि मोडकंतोडकं तमिळ बोल. चुकलीस की हसतील. हसू दे, ते हसणं आत घेण्याचं असतं.

रूममेटचं वाचून मात्र मला खरोखर गंमत वाटली. ती अक्षरं काय आहेत, माहितीये? डी म्हणजे डो, आर म्हणजे रे, एम म्हणजे मी. पुढे फा, सो, ला, टी. याला टॉनिक सोल-फा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही पद्धत रुळली, पाच रेघांचं स्टाफ नोटेशन न शिकता साध्या माणसांना गाता यावं म्हणून. अक्षरांमधली टिंबं आणि विसर्गासारखी चिन्हं म्हणजे मात्रांचा हिशेब. आडवी रेघ दिसली की आधीचा स्वर लांबवायचा. १८९४ मध्ये (हो, तुमच्या वॉन्लेसच्याच साली, काय योगायोग!) लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी मिझो डोंगरात पोचले, त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी बसवली. मागोमाग वेल्श मिशनरी आले आणि सोल-फा तिथे अशी रुजली, की आजही चर्चमधली साधी माणसं ती अक्षरं बघून चार आवाजांत गातात.

आता तुला त्याचं काय? तू तंबोऱ्यांच्या गावची. गाणं शिकली नसलीस तरी सा रे ग म कानावर असणारच. सोल-फातला ‘डो’ कुठल्याही उंचीवर धरता येतो, अगदी आपल्या षड्जासारखा. पेटीची काळी एक घ्या नाहीतर पांढरी चार, तिथून पुढचं अंतर तेच. आणि ती साती अक्षरं ओळीने गायलीस तर सरळ बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. म्हणजे तिचं पुस्तक उघडून तू आज संध्याकाळी एक ओळ वाचू शकतेस. ‘सा’च्या जागी ‘डो’, एवढंच. अडशील तिथे, की तिच्या पानावर एकाखाली एक चार ओळी आहेत आणि त्या चारही एकाच वेळी गायच्या असतात. हे आपल्या गाण्यात नाही. ते कसं करतात, हे तिला विचार. बोलायला विषय मिळत नव्हता ना?

पाचचं सहा मात्र करून घे. ‘तुझं गाणं छान आहे, पण मला झोप हवी, सोमवार ते शुक्रवार सहाला चालेल का, किंवा चॅपेलमध्ये, गच्चीवर?’ असं सरळ विचार. वर्षभर तू मनातल्या मनात कुढलीस आणि तिला कुणी सांगितलंच नाही. बिचारीला वाटत असेल, आपण हळू गातो म्हणजे चालतंय.

मेस कमिटीला हो म्हण. रोजचं सांबार-भात गिळवत नाही म्हणून पत्रात दीड परिच्छेद लिहिलास (जागेअभावी कापला, क्षमस्व), आणि जिथे बोलून उपयोग आहे तिथे जायला नको म्हणतेस! तुमच्याकडे डिव्हायडिंग मेस असेल. महिन्याचा एकूण खर्च भागिले सगळ्यांचे मिळून जेवणाचे दिवस, म्हणजे एका दिवसाचा दर. त्याला तुझ्या दिवसांनी गुणलं की तुझं बिल. वाया गेलेला प्रत्येक बादलीभर भात सगळ्यांच्या बिलात उतरतो. कमिटीतली मुलगी तांदळाची पोती मोजते, भाजीची चिठ्ठी तपासते, मेसवाल्या अण्णांशी तमिळमध्ये हुज्जत घालते, आणि महिन्यातून एकदा चपाती बदलून पुरी करून आणते. त्या दिवशी तिन्ही टेबलांवरून तुला हाक येईल. हॉलमध्ये ओळख हसून-खेळून होते त्यापेक्षा अशा कटकटीच्या कामातून लवकर होते, असा माझा अनुभव आहे. हॉल डेच्या नाचात मन रमत नसेल तर हिशेब घे, पडदे लावायला उभी राहा. तालमीत रात्रीचे अकरा वाजत असतील, तर साडेनऊला ‘माझी प्रॅक्टिकल आहे’ म्हणून उठायलाही शीक.

रेकॉर्ड बुकांचं वाचून मात्र राग आला. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत, दुसऱ्याचं अभ्यासाचं काम ज्युनियरकडून करून घेणं याचा रॅगिंग म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. तमिळनाडूत तर १९९७ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि तो एका मुलाचा जीव गेल्यावर आला. ‘पद्धत आहे’ असं त्या अक्कांना सांगणारीही कुणी अक्काच होती. गेल्या वर्षी तुझ्यावर लादलं गेलं, त्याचा दोष तुझा नाही. यंदा लिहून घेतलंस तर तो तुझा. भाषण नको, मोहीमही नको. आपलं रेकॉर्ड आपण लिहायचं, आणि एखादी फर्स्ट इयरची पोर रात्री बारा वाजता दुसऱ्याच्या आकृत्या काढताना दिसली तर तिच्या हातातून पेन्सिल घेऊन तिला झोपायला पाठवायचं. अक्का चिडल्या तर मॅडमच्या कानावर घाल.

एवढं सगळं करून, वार्षिक परीक्षेनंतरही हॉल नकोसा वाटला, तर जा. तेव्हा मी अडवणार नाही. काहींना खरोखर एकान्त लागतो, तो स्वभाव आहे, दुखणं नाही. फक्त वर्षाच्या मधे जाऊ नकोस. मेसचं डिपॉझिट आणि हॉलची फी मधेच सोडल्यावर परत मिळते का, हे आधी ऑफिसात विचार, आणि पी.जी.त कॉलेजपासून रात्री परत यायला बस आहे का हेही बघ.

राहता राहिला तुझा गणपती. खोली दोघींची आहे, म्हणून आधी रूममेटला विचार, मग मॅडमना. दोघी हो म्हणाल्या तर टेबलावर वीतभर शाडूची मूर्ती ठेव. उदबत्ती-निरांजन नको. धर्माचा प्रश्न नाही, गादीशेजारी जाळ हॉलमध्ये कुणालाच चालत नाही, मी वॉर्डन असते तर ख्रिसमसची मेणबत्तीही विझवायला लावली असती. विसर्जन बादलीत कर आणि ती माती हॉलच्या कुंड्यांत घाल. दोघींपैकी कुणी नाही म्हणाली तर नुसता फोटो ठेव आणि वाईट वाटून घेऊ नकोस. मोदक मात्र मूर्ती असो की फोटो, कर. खोलीत इंडक्शन लावू देणार नाहीत, तेव्हा मेसच्या स्वयंपाकघरात जा. विनायक चतुर्थीला तमिळ घरांतही तांदळाच्या उकडीत गूळ-खोबरं भरून कोळुकट्टै वाफवतात, त्यामुळे उकड कशी काढायची हे तिथल्या अक्कांना शिकवावं लागणार नाही. कळ्या किती पाडायच्या यावर थोडं भांडण होईल.

– ताई